जुनी मोटार, तिचा रंग व तिचें मोल

घरांतील एखादी जुनी वस्तु विकावयास काढली म्हणजे तिची किंमत दोन ठिकाणीं होते. एक बाजारांत आणि दुसरी घरांत. बाजारांतील किंमत धातूच्या वजनावर, कारागिरीवर व गिऱ्हाइकाच्या गरजेवर ठरते. घरांतील किंमत ती वस्तु कोणीं वापरली, कोणत्या प्रसंगीं बाहेर काढली आणि कोणत्या हातांनीं पुसून ठेवली, यांवर ठरते. ह्या दोन किंमतींचा मेळ क्वचितच बसतो. आणि तो न बसल्यामुळें जें नुकसान होतें, तें बहुधा एक पिढी उलटून गेल्यावर कळतें. तांब्याचा हंडा, शिसवी देव्हारा, रुमालांत बांधलेली पोथ्यांची चवड यांच्या बाबतींत हा अनुभव आपल्यापैकीं अनेक कुटुंबांना आला आहे. परंतु तो ज्या वस्तूच्या इतिहासांत सर्वांत ठळकपणें लिहिला गेला आहे, ती वस्तु म्हणजे राजेरजवाड्यांची जुनी मोटारगाडी होय.

पुणें-नाशिक रस्त्यावरून मंचर, नारायणगांव, आळेफाटा अशी वाट धरली, म्हणजे आंबेगांव व जुन्नर ह्या दोन तालुक्यांची आजची सुबत्ता प्रवाशाच्या नजरेंत भरते. नारायणगांवचा टोमॅटोचा बाजार, आसपासच्या द्राक्षांच्या बागा, मंचरचा कांदा-बटाट्याचा व्यापार यांनीं ह्या भागांत पैसा खेळता ठेवला आहे, आणि नव्या मोटारी आतां गांवोगांव झाल्या आहेत. समजा, ह्या भागांतील एखाद्या सधन बागाईतदाराच्या वाचनांत उद्यां अशी जाहिरात आली कीं, ऐशीं-नव्वद वर्षांपूर्वींची, उंची परदेशी बनावटीची, आणि रंगानें चारचौघींत अगदीं निराळी दिसणारी एक मोटार विकणें आहे. तर त्याच्या मनांत पहिला प्रश्न कोणता येईल? बहुतेकांच्या मनांत येईल तो असा: 'गाडी झोकदार आहे खरी, पण हा चमत्कारिक रंग बदलून घेतां येईल ना?' हा प्रश्न विचारूंच नये, निदान तो सर्वांत शेवटीं विचारावा, असें आमचें म्हणणें आहे. त्या चमत्कारिक रंगांतच पुष्कळदां त्या गाडीचें अर्धें चरित्र सांठविलेलें असतें.

रुपेरी मोटार व घाटाची कसोटी

मोटार विकण्यासाठीं रंगाचा उपयोग प्रथम कोणाला सुचला हें सांगणें कठीण; पण तो सर्वांत यशस्वी रीतीनें कोणीं केला हें निश्चित सांगतां येतें. इंग्लंडांतील रोल्स-रॉइस कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनीं १९०७ सालीं आपल्या 'चाळीस-पन्नास अश्वशक्ति' ह्या नव्या नमुन्याची बारावी गाडी जाहिरातीसाठीं निवडली. घोड्यांच्या बग्ग्यांना जे गडद, पोक्त रंग देत, तेच त्या काळीं मोटारींनाहि देण्याचा सामान्य प्रघात होता. जॉन्सन यांनीं ही गाडी ॲल्युमिनियमच्या रंगानें रुपेरी करविली, तिच्या दिव्यांना व इतर सामानाला चांदीचा मुलामा चढविला, आणि तिचें नांव ठेविलें 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे रुपेरी भूत. चालतांना यंत्राचा आवाज जवळजवळ ऐकूं येत नाहीं, गाडी भुतासारखी नकळत समोर येऊन उभी राहते, असा त्या नांवाचा भावार्थ.

नुसत्या रंगावर गाडी खपत नाहीं, हें जॉन्सन जाणून होते. म्हणून ह्या रुपेरी गाडीला लंडन ते ग्लासगो ह्या मार्गावर २७ वेळां धांवावयास लाविलें. सुमारें पंधरा हजार मैलांची ही परीक्षा पुरी झाल्यावर त्या एका गाडीचें नांव त्या सबंध नमुन्याला चिकटलें, आणि १९२६ सालापर्यंत बनलेल्या त्या जातीच्या सर्व गाड्या 'सिल्व्हर घोस्ट' म्हणूनच ओळखल्या जाऊं लागल्या.

ह्यानंतर लवकरच त्याच जातीची एक गाडी मुंबईच्या धक्क्यावर उतरली. तिचें नांव होतें 'पर्ल ऑफ दि ईस्ट'. आपल्या भाषेंत म्हणावयाचें तर पूर्वेचा मोती. हिंदुस्थानांत रोल्स-रॉइसची ख्याति पसरविणारी ती पहिली गाडी. इंग्लंडांतील सपाट, बांधीव रस्त्यांवर धांवणारी गाडी सह्याद्रीच्या चढणीवर टिकेल काय, अशी शंका येथील गिऱ्हाइकांना येणें स्वाभाविक होतें. तिला उत्तर म्हणून १९०८ सालीं ही गाडी मुंबई-कोल्हापूर मार्गावरील ६२० मैलांच्या विश्वसनीयतेच्या परीक्षेंत उतरविण्यांत आली. वाटेंत सहा घाट होते. रस्ते मातीचे व खडीचे. गाडीनें ती परीक्षा उत्तम रीतीनें पार पाडली, आणि ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनीं ती विकत घेतली. महाराष्ट्राच्या घाटांत पारखलेली गाडी एका मराठी संस्थानिकानेंच घेतली, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ह्यानंतर राजेरजवाड्यांच्या पागांशेजारीं मोटारखाने उभे राहूं लागले.

जुन्नर-आंबेगांवकडील शेतकऱ्याला ह्या कसोटीचें मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. ह्या भागांत बैलगाडा शर्यतीच्या चढत्या धांवपट्टीला 'घाट' असेंच म्हणतात. बैलांचीं शिंगें रंगविलेलीं असतात, अंगावर झुली असतात, गळ्यांत घुंगूरमाळा असतात. पण पारखी माणूस बैल घेतांना झुलीकडे पाहून पैसे मोजीत नाहीं. तो त्याचें कूळ विचारतो, कोणत्या घाटांत तो कसा धांवला हें विचारतो. ह्या शर्यतींवर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्यें सशर्त परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. मधल्या वर्षांत दावणीला बांधून ठेवलेला बैल लोकांनीं विकून टाकिला नाहीं असें नाहीं. पण ज्यांनीं तो जपला, त्यांना त्याचें मोल शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर कळलें. मोटारीच्या इतिहासांतहि नेमकें असेंच घडलें आहे.

रंग देण्याची विद्या

पूर्वींच्या मोटारीचा रंग म्हणजे काय प्रकरण होतें, हें थोडक्यांत सांगितल्याशिवाय त्याचें महत्त्व ध्यानांत येणार नाहीं. आज कारखान्यांत गाडीचा साटा रंगून, वाळून कांहीं तासांत पुढें सरकतो. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं तसें नव्हतें. लांकडी चौकटीवर पत्रा बसवून केलेल्या साट्यावर प्रथम अस्तराचे थर द्यावयाचे. ते वाळल्यावर दगडानें व पाण्यानें घोटून गुळगुळीत करावयाचे. मग तेलांत खललेला रंग कुंचल्यानें लावावयाचा. पुन्हा वाळवावयाचा, पुन्हा घोटावयाचा, आणि शेवटीं व्हार्निशचे हात द्यावयाचे. प्रत्येक थर वाळण्यास अवधि लागे, आणि हवा दमट असली किंवा धूळ उडाली तर सगळें काम नव्यानें करावें लागे. अशा रीतीनें एका गाडीच्या रंगाला कित्येक आठवडे सहज लागत. देव्हाऱ्याला किंवा पालखीला रोगण देणारा कारागीर जी सबुरी बाळगतो, तीच ह्या कामीं लागत असे.

अमेरिकेंतील हेन्री फोर्ड यांनीं आपली 'टी' नमुन्याची गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांतच विकली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याचें कारण आवडनिवड हें नव्हतें. तो काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि एकच रंग ठेविल्यानें कारखान्यांतील कामाचा खोळंबा टळत असे. पुढें ड्यू पाँ कंपनीनें नायट्रोसेल्युलोजपासून 'ड्यूको' नांवाचें लवकर वाळणारें रोगण तयार केलें. तें पिचकारीच्या यंत्रानें फवारतां येई, आणि आठवड्यांचें काम दिवसांवर येई. जनरल मोटर्स कंपनीनें १९२४ सालच्या आपल्या 'ओकलंड' गाड्यांना ह्या नव्या रोगणाचा निळा रंग दिला, तेव्हांपासून सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीलाहि रंगांची निवड उपलब्ध झाली. फोर्ड यांनाहि १९२६ सालीं काळ्याचा हट्ट सोडून इतर रंग द्यावे लागले.

उंची गाड्यांची रीत मात्र निराळी होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं रोल्स-रॉइससारखी कंपनी फक्त चाकें, सांगाडा व यंत्र तयार करून देई. त्यावरचा साटा बांधण्याचें काम बार्कर, थ्रप अँड मेबरली, हूपर अशा गाडीबांधणीच्या स्वतंत्र पेढ्या करीत. साटा कसा असावा, आंत गादी कोणत्या चामड्याची असावी, दिवे किती व कोठें असावे आणि बाहेरचा रंग कोणता द्यावा, हें सारें गिऱ्हाईक ठरवी. त्यामुळें त्या काळच्या उंची गाडीचा रंग हा कारखान्याच्या यादींतील क्रमांक नव्हे. ती विकत घेणाराची सही होती. सही खोडून त्या जागीं आपल्या आवडीचें अक्षर गिरवावें आणि मग दस्तऐवज अस्सल आहे असें म्हणावें, तसाच प्रकार अशा गाडीचा मूळ रंग पुसून टाकणाराचा होतो.

दोन भगव्या गाड्या

ह्या सहीचीं उत्तम उदाहरणें पाहावयाचीं तर दोन मोटारींची हकीकत शेजारीं शेजारीं मांडावी. दोन्ही १९३० नंतरच्या दहा वर्षांतल्या, दोन्ही संस्थानिकांच्या, आणि दोन्ही भगव्या-केशरी छटेच्या. एक घरीं राहिली. दुसरी घराबाहेर गेली.

पहिली कोल्हापूरची. छत्रपति राजाराममहाराज यांच्या कारकीर्दींत जर्मनींतील माइबाख कारखान्याची एक गाडी कोल्हापूर दरबारीं आली. माइबाख हें नांव आपल्याकडे फारसें परिचित नसलें, तरी त्या काळीं त्याचा दबदबा मोठा होता. विल्हेल्म माइबाख व काउंट झेपेलिन यांनीं १९०९ सालीं हा उद्योग काढला तो झेपेलिनच्या अवाढव्य विमानांची यंत्रें करण्यासाठीं. त्याच हातांनीं पुढें १९२१ पासून मोटारी घडविल्या. दुसरें महायुद्ध भडकेपर्यंत त्या कारखान्यांतून बाहेर पडलेल्या गाड्यांची संख्या दोन हजारांच्या आंतच राहिली. अशा कारखान्याची गाडी कोल्हापूरच्या छत्रपतींनीं भगव्या छटेंत नटविली, ह्यांत हौस होतीच. पण मराठ्यांच्या राज्याचें निशाण ज्या रंगाचें, तो रंग परदेशी पोलादावर चढविण्यांत एक स्वाभिमानहि होता.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई राज्यांत विलीन झालें. दरबार गेला, तैनात गेली. पण ही गाडी गेली नाहीं. दसऱ्याच्या सायंकाळीं कोल्हापूरच्या दसरा चौकांत शमीपूजनाचा सोहळा होतो, आणि छत्रपति घराण्यांतील मंडळी ह्या जुन्या माइबाखमध्यें बसून तेथें येतात. हजारों लोक सोनें लुटण्यासाठीं जमलेले असतात. त्यांच्या दृष्टीनें ही गाडी संग्रहालयांतील वस्तु नसून सणाचें एक अंग आहे. जी गाडी वर्षांतून एकदां तरी चालवावी लागते, तिचें यंत्र गंजूं देतां येत नाहीं, तिचा रंग विटूं देतां येत नाहीं, आणि ती विकण्याचा विचार बोलून दाखविणेंहि सोपें राहत नाहीं. वापर हीच तिची राखण आहे.

दुसरी गाडी राजकोटची. ठाकोरसाहेब धर्मेंद्रसिंहजी यांनीं १९३४ सालीं रोल्स-रॉइसची 'फँटम टू' जातीची गाडी मागविली. तिचें यंत्र सहा नळकांड्यांचें, साडेसात लिटरांहून अधिक क्षमतेचें. आणि साटा लंडनच्या थ्रप अँड मेबरली पेढीनें बांधिलेला. रंग केशरी-गेरवा, आणि त्याच्या जोडीला घासून चकचकीत केलेल्या ॲल्युमिनियमचा यंत्रावरचा झांकणपत्रा. पुढच्या बाजूस दिव्यांची अशी मांडणी कीं, रात्रीं ती येतांना एखादी आरास चालून येत आहे असें वाटावें. ह्या गाडीला 'स्टार ऑफ इंडिया' असें नांव पडलें, आणि जगांतील सर्वांत प्रसिद्ध रोल्स-रॉइस गाड्यांत तिची गणना होऊं लागली.

परंतु ही कीर्ति तिला मिळाली ती घर सुटल्यावर. राजकोट संस्थान १९४८ सालीं सौराष्ट्रांत विलीन झालें, आणि १९६० नंतरच्या दशकांत ही गाडी परदेशीं गेली. तिच्याबरोबर त्या काळांत अशा किती गाड्या गेल्या! संस्थानें जाऊन तनखे उरले होते. १९७१ सालीं घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीनें तेहि संपले. मोठाले वाडे, नोकरचाकर आणि पेट्रोल खाणाऱ्या जुन्या मोटारी हा भार अनेक घराण्यांस पेलवेना. तेव्हां त्या गाड्यांकडे वारसा म्हणून पाहणारे लोक येथें थोडे होते. परदेशांतील संग्राहकांना मात्र त्यांची पारख होती. देशांत कवडीमोल झालेली गाडी जहाजावर चढली म्हणजे तिचें सोनें होत असे. पुढें सरकारनें अशा जुन्या गाड्या देशाबाहेर नेण्यास बंदी केली; पण तोंपर्यंत पुष्कळ पांखरें उडून गेलीं होतीं.

'स्टार ऑफ इंडिया' परदेशांतील निरनिराळ्या संग्राहकांच्या हातीं फिरली. अखेर २०१० सालीं ती लिलावांत निघाली, आणि राजकोटच्याच घराण्यानें ती पुन्हा मिळवून स्वदेशीं आणिली. हा शेवट गोड झाला ह्यांत संशय नाहीं. परंतु तो गोड करून घेण्यासाठीं जी किंमत मोजावी लागली, ती गाडी विकतांना मिळालेल्या रकमेच्या कितीपट असेल, ह्याचा विचार प्रत्येक विकणारानें करावा. आणि हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, ती गाडी इतक्या वर्षांनंतर ओळखूं आली व तिचें मोल राहिलें, तें तिचा केशरी साज कायम होता म्हणून. मधल्या एखाद्या मालकानें तिला काळ्या किंवा पांढऱ्या रंगानें 'सभ्य' केलें असतें, तर जुन्या बड्या गाड्यांच्या गर्दींत तीहि एक होऊन गेली असती.

प्रत्यक्ष रोल्स-रॉइस कंपनीचाहि अनुभव निराळा नाहीं. ज्या रुपेरी गाडीनें कंपनीला नांव मिळवून दिलें, ती जाहिरातीचें काम संपतांच १९०८ सालीं एका गिऱ्हाइकाला विकून टाकण्यांत आली. नवीन नमुने डोळ्यांपुढें असतांना जुन्या गाडीचें कौतुक कोणास असणार? चाळीस वर्षांनीं, १९४८ सालीं, कंपनीनें तीच गाडी पुन्हा आपल्याकडे आणिली, आणि त्यानंतर ती अमोल ठेवा म्हणून सांभाळण्यांत आली. विकणारा राजा असो कीं कारखानदार असो. 'आतां ही जुनी झाली' असें वाटण्याचा क्षण आणि 'ही आपल्याकडे असती तर' असें वाटण्याचा क्षण, ह्यांमध्यें साधारणपणें एक पिढीचें अंतर असतें.

घेणारानें काय पाहावें

आतां पुन्हा त्या जाहिरातीकडे व आमच्या कल्पनेंतील बागाईतदाराकडे वळूं. अशी गाडी घेण्याची ऐपत व इच्छा असेल, तर कांहीं गोष्टी त्यानें अवश्य पाहाव्या.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. सांगाड्यावर व यंत्रावर खोदलेले क्रमांक कागदांवरील क्रमांकांशीं जुळले पाहिजेत. मोठ्या कंपन्यांच्या जुन्या गाड्यांच्या नोंदी इंग्लंडांत अद्याप जपून ठेविलेल्या आहेत; सांगाड्याच्या क्रमांकावरून ती गाडी मूळ कोणासाठीं बनली व तिच्यावर साटा कोणीं बांधिला ह्याचा माग काढतां येतो. पुरोहिताच्या वहींत जशी कुळी सांपडते, तशीच ही गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. बाहेरचा चकचकाट पाहून कांहींच कळत नाहीं. दाराच्या बिजागरीमागें, पायफळीच्या खालीं, दिव्याच्या बैठकीच्या आंत, गादीखालच्या पत्र्यावर, अशा जेथें नवा रंगारी आळसानें पोंचत नाहीं, तेथें जुन्या रंगाचे अवशेष मिळतात. तेथें एकाखालीं एक असे थर दिसले, तर सर्वांत खालचा थर कोणता हें जाणकाराकडून पाहून घ्यावें. तो बाहेरच्या रंगाशीं जुळला तर उत्तम. न जुळला तर विकणारास स्पष्ट विचारावें. पूर्वींच्या मालकानें रंग बदलला असेल तर तें पाप नव्हे; पण तें लपवून ठेवणें ही लबाडी आहे. आणि जो रंग आपल्या डोळ्यांस खटकतो, तोच मूळचा निघाला, तर त्याला हात लावूं नये. आपल्या आवडीसाठीं बाजारांत नव्या गाड्या पुष्कळ आहेत.

तिसरी गोष्ट कायद्याची. केंद्र सरकारनें २०२१ सालीं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणीची सोय केली. अशा गाडीस निराळा क्रमांक मिळतो. प्रथम नोंदणीची फी २०,००० रुपये असून ती नोंदणी दहा वर्षें चालते. सांगाडा, साटा किंवा यंत्र ह्यांत भारी फेरबदल केलेली गाडी ह्या सवलतीस पात्र होत नाहीं. शिवाय अशी गाडी भाड्यानें लावतां येत नाहीं, आणि प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणें एवढ्याच कारणांसाठीं रस्त्यावर आणतां येते. म्हणजे लग्नाच्या वरातीसाठीं ती भाड्यानें देऊन खर्च भरून काढूं, असा हिशेब करणारानें ह्या व्यवहारांत पडूं नये.

चौथी गोष्ट सांभाळण्याची, आणि तीच सर्वांत कठीण. जुन्या गाडीचे सुटे भाग दुकानांत मिळत नाहींत. ते घडवून घ्यावे लागतात. घडविणारा कारागीर वृद्ध झालेला असतो, व त्याच्या हाताखालीं शिकणारा मिळत नाहीं. पावसाळ्यांत भीमाशंकरच्या बाजूनें येणारी दमट हवा जुन्या लांकडी चौकटीला व चामड्याला मानवत नाहीं. ज्याच्या घरांत ह्या कामाची आवड असलेला पुढच्या पिढींतील एक तरी मुलगा किंवा मुलगी नाहीं, त्यानें गाडी घेतली तर ती पुन्हा बाजारांत यावयास फार वर्षें लागणार नाहींत.

आपल्या माळ्यावरील वस्तु

येथवर वाचून कोणी म्हणतील, ही सारी राजेमहाराजांची कथा. आपणां मध्यम स्थितींतल्या माणसांस तिच्याशीं काय कर्तव्य? परंतु जुन्नर-आंबेगांवच्या मातींतच ह्या प्रश्नाचें उत्तर आहे. नाणेघाटाच्या माथ्यावर एक दगडी रांजण उभा आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यांत टाकीत, अशी परंपरागत समजूत आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं ह्याच वाटेनें कोंकणच्या बंदरांतील उंची माल जुन्नरच्या पेठेंत येई. तो माल, तीं वस्त्रें, ते मद्याचे कुंभ आज कोठें आहेत? गेले. परंतु जुन्नरच्या लेण्यांत तीन यवन दात्यांनीं दिलेल्या दानाचे लेख खडकावर कोरलेले आहेत, आणि इरिल, चिट व चंद हीं त्यांचीं नांवें आपण आजहि वाचूं शकतों. वस्तु गेल्या, नोंद राहिली म्हणून माणसें राहिलीं.

पेशवाईच्या काळीं जुन्नरचा कागद महाराष्ट्रांत प्रसिद्ध होता. हिशेब, पत्रें व पोथ्या ह्या टिकाऊ कागदावर लिहिल्या जात. तोच कागद पुढें घरोघरच्या माळ्यांवर कसरीनें खाल्ला, कित्येक ठिकाणीं वाण्याच्या पुड्यांना गेला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनीं गांवोगांव पायपीट करून अशीं दप्तरें जमविलीं आणि १८९८ पासून त्यांचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १९१० सालीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. त्यांच्या हातीं जें लागलें तें वांचलें. जें त्यांच्या अगोदर रद्दींत गेलें, तें कोणतीहि किंमत मोजून परत मिळणार नाहीं. दिनकर गंगाधर केळकर ह्यांनीं अडकित्ते, दिवे, दौती, पानाचे डबे अशा घरगुती वस्तु आयुष्यभर गोळा केल्या, आणि १९७५ सालीं तो संग्रह महाराष्ट्र सरकारला अर्पण केला. त्यांतल्या पुष्कळ वस्तु मोडीच्या भावानें जाण्याच्या वाटेवर होत्या. आज त्याच पाहण्यासाठीं आपण तिकीट काढतों.

जुनें तें सारें ठेवावें, असा आमचा आग्रह नाहीं. शहरांतल्या दोन खोल्यांच्या संसारांत वाड्याचा झोपाळा मावत नाहीं, आणि तंगीच्या काळीं घरांतील चीजवस्त विकून मुलांचें शिक्षण पुरें करणाऱ्या आईबापांना दोष देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. विकणें हा गुन्हा नव्हे. राजकोटची गाडी विकणारांवरहि तसाच प्रसंग असेल. प्रश्न एवढाच आहे कीं, वस्तु विकतांना तिची ओळखहि तिच्याबरोबर पुसून जावी काय? मोटारीच्या बाबतींत ती ओळख रंगांत असते. घरच्या वस्तूच्या बाबतींत ती भांड्यावर कोरलेल्या नांवांत, दाराच्या चौकटीवरील कुंकवाच्या बोटांत, पोथीच्या शेवटीं लिहिलेल्या शकांत व लेखकाच्या नांवांत असते. कल्हईवाल्याकडे देऊन भांडें चकचकीत करून घेणें वेगळें, आणि आजीचें नांव कानसून काढणें वेगळें.

आंबेगांव तालुक्याला ज्या गांवावरून नांव मिळालें, तें जुनें आंबेगांव घोड नदीवरील डिंभें धरणाच्या जलाशयांत गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवीं आहे. परंतु तालुका अद्याप 'आंबेगांव' ह्याच नांवानें ओळखला जातो. धरण व्हावें हें लोकहिताचें होतें. गांव सोडावें लागलें तें अपरिहार्य होतें. पण नांव पुसलें नाहीं म्हणून त्या घरादारांची आठवण सरकारी कागदावर का होईना, रोज लिहिली जाते.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. येत्या दिवाळीची सफाई करतांना जी वस्तु मोडींत द्यावयाची असें ठरेल, तिच्याविषयीं घरांतील सर्वांत वडील माणसाला चार प्रश्न विचारावे: ही कोणीं आणिली, कधीं आणिली, कोठून आणिली आणि कोणीं वापरली? मिळालेलीं उत्तरें एका वहींत लिहावीं, वस्तूचें छायाचित्र काढून त्याखालीं तारीख टाकावी, आणि विकतांना त्या नोंदीची एक प्रत घेणाराच्या हातीं द्यावी. ह्याला अर्ध्या तासापेक्षां अधिक वेळ लागत नाहीं. वस्तु ठेवावी कीं द्यावी हें त्यानंतर ठरवावें. पुष्कळ घरांत तीं उत्तरें ऐकल्यावर वस्तु पुन्हा माळ्यावर चढेल. आणि ज्या घरांतून ती जाईल, तेथूनहि ती आपलें नांव बरोबर घेऊन जाईल.